सातवं लेकरू

पाळणाघर चालवत होते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘किती मुलं असायची?’ मी सांगते, ‘सहा.’ मग तो जरा थांबतो. एकवीस वर्षं चालवलं आणि सहाच? त्याच्या डोळ्यांपुढे वीस-पंचवीस पोरांचा गलका असतो. सहा म्हटल्यावर त्याला वाटतं, बाईंचं काही चाललं नसावं. मी समजावत बसत नाही. पण आज लिहायला बसलेच आहे, तर हा सहाचा आकडा कुठून आला ते सांगते, आणि सातव्याला नाही म्हटलं त्या दिवशी काय झालं तेही.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं घर. माझी स्वतःची मुलं शाळेत जायला लागली, तेव्हा शेजारच्या बँकेतल्या बाईंनी आपलं लेकरू ‘दुपारपुरतं’ म्हणून माझ्याकडे ठेवलं. तिथून सुरुवात झाली आणि वर्षभरात नऊ लेकरं झाली. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. मदतीला रत्नमाला मावशी होती. जळकोटकडची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, तीन लेकरं एकटीनं वाढवलेली बाई. सकाळी दारातच तिचा खणखणीत ‘जयभीम, ताई’ ऐकू आला, की घरातली निम्मी लेकरं रडायचं विसरून तिच्याकडे पळायची.

त्या पहिल्याच वर्षी एका दुपारी जमिनीतून गुरगुर आली. मांडणीतली भांडी वाजली. भूकंप बघितलेल्या लातूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आधी त्याचे पाय पळतात, विचार मागून येतो. गल्लीत ओरडा सुरू झाला, ‘बाहेर या, बाहेर या!’

मी एक तान्हं काखेत घेतलं, एकाचा हात धरला, एकाला सांगितलं, ‘पदर धर, सोडू नको.’ मावशीनंही तसंच केलं. जिन्याच्या तोंडाशी मी मागे वळून बघितलं. आत तीन लेकरं उरली होती. चार-चार वर्षांची दोन, आणि गादीवर झोपलेली एक दोन वर्षांची पोरगी. मला आणखी कुणाला घेताच येत नव्हतं. त्या तिघांना मी मागे ठेवायचं असं काही ठरवलं नव्हतं. ती माझ्या हातापासून लांब होती, एवढंच.

‘इथंच बसा, आलेच मी,’ असं म्हणून मी उतरले. अठरा पायऱ्या. खालच्या शेजारणीच्या हवाली सहा जणांना केलं आणि वर पळाले. मावशी माझ्या आधी पोचली होती. ती दारातच थांबली होती आणि तोंडावर हात ठेवून आत बघत होती.

चार वर्षांच्या दोघांपैकी जी मुलगी होती, ती झोपलेल्या पोरीच्या पाठीवर हळूहळू थोपटत होती. अगदी मी थोपटते तसं. तीन वेळा थोपटायचं, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. दुसरा मुलगा दोघींच्या पुढे हात पसरून बसला होता. भांडी पडली तर त्याच्या अंगावर पडावीत, त्यांच्या नाही, म्हणून. हे त्याला कुणी शिकवलं? मी नाही. त्याच्या आईनंही नाही, मी नंतर विचारलं.

काही पडलं नाही, कुणाला लागलं नाही. धक्का लहानच होता. पण त्या संध्याकाळी लेकरं घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. मावशी भांडी घासत होती. तिनं हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

‘ताई, बाईला काखंत एक, हाताला एक, पदराला एक. तीन झाली. आपण दोघी, म्हणजे सहा. सातवं कुठं धरायचं?’

ती बोटांवर मोजत होती.

‘आन् काखंतलं एकच हां. दोन तान्ही एका बाईला झेपत न्हाईत. एक खाली ठिवल्याबिगर दुसरं उचलता येत न्हाई.’

पुढच्याच महिन्यात मी तीन घरांना सांगितलं, दुसरी सोय बघा. त्यांतल्या एकीनं पुन्हा कधी माझ्याशी बोलणं ठेवलं नाही.

बाहेरच्या माणसाला हा हिशेब पटत नाही, कारण त्याला सगळी मुलं सारखीच एक-एक वाटतात. तसं नसतं. अजून पालथं न पडणारं लेकरू जिथं ठेवाल तिथं असतं. रांगायला लागलं की तुमचे दोन्ही डोळे त्याचे. नुकतं चालायला लागलेलं सगळ्यांत अवघड, कारण त्याचे पाय पुढे गेलेले असतात आणि अक्कल मागून येत असते. चार-पाच वर्षांचं मूल मात्र कधी कधी उलट आपल्यालाच हात देतं. म्हणून सहा म्हणजे नुसती सहा नाहीत. त्यांत तान्ही दोनच, नुकती चालणारी दोनच, बाकीची मोठी. एक जण घरी राहिलं तरी दुसरं आणायचं नाही. मावशी एखाद्या दिवशी आली नाही, तर मी तीन घरांना सकाळी सातला फोन करायची, आज आणू नका. लोक वैतागायचे. वैतागू देत.

एकदा एका मुलाचे आजोबा पाहणी करायला आले. कोर्टातून निवृत्त झालेले. घडीची खुर्ची आणि वही घेऊन तीन दिवस कोपऱ्यात बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मत दिलं, ‘सहा मुलांना दोन बाया म्हणजे जास्तच होतं. आमच्याकडे सहा कारकुनांना एक साहेब पुरायचा.’

मावशी एका लेकराला धुवायला नेत होती. जाता जाता म्हणाली, ‘तुमचे कारकून चड्डीत करत नव्हते, साहेब.’

आजोबांनी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून नातू आजोबांशिवाय यायला लागला.

मावशीचं ऐकणं हा तर एक वेगळाच प्रकार होता. ती डाळ निवडत बसायची, मान खाली, आणि तिथूनच सांगायची, ‘ताई, मोरीकडं कोण गेलं बघा.’ मी जाऊन बघावं तर खरंच कुणीतरी बादलीत वाकलेलं. मी विचारलं, तुम्हाला कळतं कसं? म्हणाली, ‘आवाजाचं काय ऐकायचं? आवाज बंद झाला की पळायचं.’ मला हे यायला पाच-सहा वर्षं लागली. पण आलं. सहा लेकरांचे सहा आवाज कानात वेगवेगळे राहतात, आणि त्यांतला एक थांबला की आपण हातातलं सोडून उठलेले असतो. सहाच्या वर मला हे कधीच जमलं नसतं.

आमच्या पालकांमध्ये एक नर्स होती. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. एका रविवारी ती रबराची बाहुली घेऊन आली. तान्ह्या लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते तिनं आम्हा दोघींकडून करून घेतलं. लेकरू हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, पाठीच्या मध्यावर तळहातानं पाच वेळा मारायचं. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. पुन्हा पालथं. तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. ‘जोरात मारा काकू, बाहुली आहे,’ ती म्हणायची. माझा हात उचलायचाच नाही. तिनं वीस वेळा करायला लावलं. मावशी तर हसून हसून बेजार.

आता वैशालीचं सांगते.

पावसाळ्याचे दिवस संपत आले होते. सकाळी आठ वाजता दारात एक बाई. खाकी कपडे, खांद्याला कंडक्टरची बॅग, काखेत सात महिन्यांची मुलगी. जिना चढून दम लागलेला.

‘ताई, मी वैशाली. एसटीत हाय. सासूबाई सांभाळतात हिला, त्यांचं देवणीला डोळ्याचं ऑपरेशन हाय. आजच्या दिवस ठिवा. साडेआठची गाडी हाय माझी.’

‘जागा नाही हो,’ मी म्हटलं.

तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. मोठी खोली, स्वच्छ फरशी, दोन पाळणे. ‘एवढी तर जागा हाय.’

‘जागेचं नाही, हातांचं. दोन तान्ही आधीच आहेत. तिसरं तान्हं मी घेत नाही.’

‘रडत न्हाई ओ ही. लई गुणाची हाय. कोपऱ्यात टाकली तरी पडून राहती.’

तिची मुलगी खरंच रडत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मग तिनं माझ्या बोटाकडे हात केला. मी हात मागे घेतला. धरलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं, हे मला माहीत होतं.

‘नाही जमणार,’ मी म्हटलं.

 वैशालीनं माझ्या दोन हातांकडे बघितलं, आणि ती वळून खाली गेली. अठरा पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. आत मावशी म्हणाली, ‘बरं केलं.’ पण तिनंही माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळभर माझं कशात लक्ष लागेना. एक दिवसाचा तर प्रश्न होता. एवढी कसली मी नियमाची?

साडेबाराच्या सुमाराला मावशी एका तान्ह्याला मांडीवर घेऊन भरवत होती. मोठी मुलं चित्रं काढत होती. दुसरं तान्हं म्हणजे आठ महिन्यांची ओवी. तिची आई एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. ओवी चटईवर रांगत होती आणि सारखी ‘ब्ब ब्ब ब्ब’ करत होती. माझे हात रिकामे होते. मी कपड्यांच्या घड्या करायला घेणार होते.

‘ब्ब ब्ब’ थांबलं.

मी वळले. ओवी बसलेली होती, तोंड उघडं, डोळे मोठे. आवाज नाही. गुदमरणारं लेकरू ओरडत नाही, हे मला सिस्टरनं सांगितलं होतं. पण ती शांतता प्रत्यक्ष बघणं वेगळं. तिचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर निळे पडायला लागले.

मी तिला उचललं, हातावर पालथं घेतलं आणि मारलं. एक, दोन, तीन, चार, पाच. काही नाही. उताणं केलं, दोन बोटं ठेवली, दाबलं. तिची छाती किती लहान होती! पुन्हा पालथं. या वेळी मी जोरात मारलं. रविवारी बाहुलीला मारता आलं नव्हतं तेवढ्या जोरात. तिसऱ्या फटक्याला फरशीवर काहीतरी टक्कन पडलं आणि ओवीनं श्वास घेतला. तो श्वास आत जाताना झालेला आवाज मी अजून ऐकते. मग ती रडली. एकवीस वर्षांत मी इतकं रडणं ऐकलं, पण कुणाच्या रडण्यानं मला असे हात जोडावेसे वाटले नाहीत.

फरशीवर अर्धा शेंगदाणा होता.

शेंगदाणा आमच्या घरात येत नसे. पाच वर्षांच्या गार्गीच्या फ्रॉकच्या खिशातून तो पडला होता. खिसे मी तपासले नव्हते.

मान वर केली तेव्हा खोली रिकामी होती. मावशी, मांडीवरचं तान्हं, बाकीची चारही लेकरं, कुणीच नाही. गॅलरीतून मावशीचा आवाज येत होता, अगदी नेहमीचा, ‘समोरच्या तारंवर किती कबुतरं हायत सांगा बरं?’ आणि लेकरं ओरडून मोजत होती. मी तिला हाक मारली नव्हती. मी पहिला फटका मारायच्या आत ती एक काखेत, एक हाताला, एक पदराला घेऊन उठली होती आणि मोठ्या दोघींना डोळ्यांनीच पुढे घातलं होतं. त्या चौघांपैकी एकानंही ओवीचा निळा चेहरा बघितला नाही. मी आत, ती बाहेर, मध्ये एक शब्द नाही. माणसाला असं वागता येतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं.

मग तिचा आवाज आला, ‘ताई, रिक्षा खाली उभी हाय. तुम्ही डॉक्टरकडं जावा. मी हाय.’ गॅलरीतून कबुतरं मोजता मोजता तिनं रिक्षाही थांबवली होती.

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक आहे म्हणाले. ओवीची आई धावत आली. मी तिला काही लपवलं नाही. म्हटलं, ‘दाणा माझ्या घरात होता. चूक माझी.’ ती मुलीला घेऊन गेली. तीन दिवस आली नाही. ती परत येईल ही आशा मी सोडूनच दिली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती ओवीला घेऊन दारात उभी.

‘काकू, तीन दिवस मी घरी राहिले,’ ती म्हणाली. ‘मी पोळ्या करत असते, ही खोलीत असते. मी सारखी विचार करतेय, तिथं हे झालं असतं तर मला ऐकू आलं असतं का?’

एवढं बोलून तिनं ओवीला माझ्या हातात दिलं. खिसे तपासायचा नियम त्या दिवसापासून लागला. तो आधीच लागायला हवा होता, हे मला पुढे कधी विसरता आलं नाही.

आणि वैशाली? तिची मुलगी त्या दिवशी आमच्याकडे असती, तर साडेबाराला ती माझ्या मांडीवर असती. मी तिला भरवत असते. ‘ब्ब ब्ब’ थांबलेलं मला ऐकू आलं असतं का, आलं तरी तिला खाली ठेवून उठायला किती वेळ गेला असता, हे मी रोज मनात मोजायची. म्हणजे मी केलं ते बरोबरच होतं. तरी जिन्यावरचा तो चपलांचा आवाज काही गेला नाही. एकीचं लेकरू वाचलं, पण दुसरीचं कुठं गेलं?

चार महिन्यांनी निलंग्याला चुलतबहिणीकडे जायचं होतं. देवणीपर्यंत जाणारी गाडी, तुडुंब भरलेली. मला कशीबशी तिसऱ्या बाकावर जागा मिळाली. ‘तिकीट, तिकीट’ करत कंडक्टर मागून पुढे आली आणि मी चेहरा ओळखला. तिनंही ओळखला.

‘निलंगा,’ मी म्हटलं.

तिनं मशीनवर बटणं दाबली, तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेली. मी मान खाली घातली. तेवढ्यात पुढून कुणीतरी म्हणालं, ‘ओ बाई, झोपली बघा तुमची राणी.’ बघते तर पहिल्या बाकावर एका कॉलेजच्या मुलीच्या मांडीवर वैशालीची लेक.

औसा गेल्यावर गर्दी जरा हलली. वैशाली माझ्या बाकापाशी दांड्याला टेकून उभी राहिली. मीच विचारलं, ‘त्या दिवशी काय केलंत?’

‘काय करणार? घिऊन चढले.’ ती बाहेर बघत होती. ‘तुम्हाला लई शिव्या दिल्या मनातल्या मनात. एक हातात लेकरू, एक हातात मशीन, गाडी हालती. तर एक आजी म्हणली, दे इकडं. ती उतरली तर दुसरीनं घेतलं. मग बाप्यांनी घेतलं. देवणीपर्यंत हात बदलत गेली ही. रडली न्हाई एकदा बी.’ मग म्हणाली, ‘रोज न्हाई आणत. सासूबाई कुठं गेल्या तरच.’

मग मी तिला ओवीचं सांगितलं. सगळं. तिची मुलगी माझ्या मांडीवर असती तर काय झालं असतं, तेही.  आसपासची माणसं ऐकत होती.

 गाडी एका थांब्यावर थांबली, वैशालीनं घंटी मारली, गाडी निघाली.

‘जगलं ना ते लेकरू?’

‘हो.’

‘मग बास.’ ती पुढे गेली, झोपलेली पोर उचलून आणली आणि माझ्यापुढे धरली. ‘धरा. त्या पोरीला उतरायचं हाय.’

मी धरलं. चार महिन्यांत चांगली वजनदार झाली होती. तिच्या केसांना गाडीचा, डिझेलचा आणि दहा वेगवेगळ्या घरांचा वास येत होता. निलंग्यापर्यंत ती माझ्या छातीवर डोकं टाकून झोपली. मी गाडीभर नजर फिरवली. पन्नास तरी माणसं असतील. काही ऊसतोडीला निघालेली, काही लग्नाला, काही आपापल्या कामाला. आयुष्यभर मी एका बाईला किती लेकरं, असा हिशेब मांडत आले. आणि इथं एका लेकराला पन्नास माणसं होती, कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि लेकरू शांत झोपलं होतं.

पुढे जूनमध्ये आमच्याकडे नुकत्या चालणाऱ्याची एक जागा मोकळी झाली, तेव्हा मीच निरोप पाठवला. वैशालीची लेक शाळेत जाईपर्यंत आमच्याकडे होती. पण ती डोळ्यांसमोर येते, ती त्या गाडीतलीच.

त्या दिवशी निलंगा आलं. मी उठले. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की ओळखीच्या माणसाशिवाय लेकरू कुणाच्या हातात द्यायचं नाही. सख्खा मामा आला तरी आईला फोन केल्याशिवाय मी कधी दिलं नव्हतं. वैशाली मागच्या दाराशी गर्दीत अडकलेली. माझ्या पलीकडे खांद्यावर दावं टाकलेला एक म्हातारा बसला होता, देवणीच्या गुरांच्या बाजाराला निघालेला. त्यानं दोन्ही तळहात धोतराला पुसले, नीट पुसले, आणि माझ्यापुढे केले.

‘आणा बाई.’

मी त्याचं नाव विचारलं नाही. लेकरू दिलं आणि उतरले. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून दिसत होतं. ती जागी झाली होती आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या मिशा ओढत होती, आणि मागच्या बाकावरची एक बाई, आपली पाळी कधी येते म्हणून, हात पुढे करून बसली होती.